वेशीबाहेरचा मंगळवार

पोरांना पुढारी करणं हा माझा धंदा होता, असं आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीत अजून सांगतात आणि सांगताना हसतात. हसू देत. आमच्या घरात माग होता, शेजारीपाजारी सगळीकडे माग होते, आणि बाईनं करायचं काम म्हणजे कांड्या भरणं नाहीतर शाळेत शिकवणं, एवढीच गल्लीची समजूत. मी दोन्ही केलं नाही. एका संस्थेत लागले आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या खेड्यांतून वयात येणाऱ्या पोरापोरींचे गट चालवत चालवत निवृत्त झाले. संस्थेच्या कागदांवर त्याला 'किशोरवयीनांसाठी नेतृत्वविकास व जीवनकौशल्य कार्यक्रम' असं नाव होतं. एवढं लांबलचक नाव घेऊन गावात गेलं की लोकांना वाटायचं, काहीतरी वाटायला आलेत. काही वाटणार नाही म्हटल्यावर निम्मी गर्दी घरी जायची. जी उरायची ती आमची.

जीवनकौशल्य म्हणजे काय, ते आधी सांगून टाकते. तक्त्यावर संवाद, निर्णयक्षमता, भावनांचं नियोजन असे जड जड शब्द असतात. तो तक्ता मी वरचे साहेब येणार असले तरच भिंतीला लावत असे. आमचं खरं काम फार साधं होतं. खच्चून भरलेल्या बसमध्ये कंडक्टर 'मुंद होग्री, मुंद होग्री' करत पोरींना पाठीत हात लावून पुढं ढकलत असेल, तर त्याला त्याच्याच कन्नडमध्ये 'हात लावायचा नाही' असं सगळ्या बसला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगता येणं. बँकेत काउंटरपलीकडच्या माणसाला 'कळलं नाही, परत सांगा' म्हणता येणं. पोरग्यानं भात लावणं, आणि करपला तर आईला हाक न मारता दुसरा लावणं. नको असेल त्याला नको म्हणणं आणि हवं असेल ते मागणं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. आमच्या भागातल्या पोरांची शाळा मराठी, ऑफिस कन्नड आणि मोबाइल हिंदी. तीन भाषांत गप्प बसायला शिकलेली पोरं असतात ती. त्यांना एका तरी भाषेत बोलतं करायचं, एवढंच मी करत होते.

आणि ते कुठं, कधी करायचं, हे आमच्या पुस्तकात नसतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की मुलांना गोलात उभं करा, टाळ्या वाजवायला लावा, एक चेंडू फिरवा. निपाणीकडच्या एका गावात मी असा चेंडू घेऊन गेले, तर पोरी म्हणाल्या, "आक्का, चेंडू धरू कशानं?" प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात तेंदूचं पान. आयांच्या बरोबरीनं विड्या वळत होत्या. हात थांबला की घरात बोलणी. मी चेंडू पिशवीत टाकला आणि त्यांच्यासारखीच भिंतीला टेकून बसले. पुढं तिथले सगळे वर्ग तसेच झाले. हात चालू आणि तोंडही चालू. त्यातल्याच एका पोरीनं एक दिवस कारखान्याच्या मुकादमाला विचारलं, की तुम्ही आमच्या विड्या छाट म्हणून बाजूला टाकता, त्यातल्या प्रत्येकीत खोट काय ते दाखवा. तो म्हणाला, मला वेळ नाही. ही म्हणाली, मला आहे. तो चिडला, तणतणला, पण दाखवायला लागला, आणि दाखवायला लागल्यावर छाट आपोआप कमी झाली. मी त्या दिवशी घरी येऊन गोडाचा शिरा केला होता.

बेंगळूरहून एकदा मोठे पाहुणे आले. कार्यक्रम बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "यातला लीडर कोण?" मी म्हटलं, आज ती आलेली नाही, म्हशी घेऊन गेलीय. पाहुण्यांना वाटलं मी चेष्टा करते. मी अजिबात चेष्टा करत नव्हते. त्यांना चुणचुणीत, इंग्रजीत स्वतःचं नाव सांगणारं पोरगं हवं होतं, फोटोसाठी. असली पोरं प्रत्येक गावात दोन-तीन असतात, त्यांना आमची काही गरज नसते. मला गरज वाटायची ती नापासांची, मागच्या रांगेतल्यांची, कुणी नाव विचारलं की पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरणाऱ्यांची. यावरून वरच्या लोकांशी माझी कायम भांडणं झाली, आणि त्यातलं एकही भांडण मी मागं घेतलेलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. फार जुनी नाही, माझ्या नोकरीच्या अगदी शेवटच्या काळातली आहे.

सांब्र्याच्या पलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून चहाला जायचं असतं. त्या वर्षी गावात लक्ष्मीची यात्रा होती. बेळगावकडची लक्ष्मीची यात्रा म्हणजे दरवर्षीची जत्रा नव्हे. ती किती तरी वर्षांनी एकदा येते. घराघराला रंग लागतो, दिलेल्या लेकी पोराबाळांसकट येतात, देवीचा लाकडी रथ गावभर ओढतात. आणि यात्रेच्या आधी काही आठवडे गाव वार पाळतं. त्या गावात मंगळवार पाळायचे. त्या दिवशी औत धरायचं नाही, गाडी जुंपायची नाही, दळण-कांडण नाही, शिवारात पाय टाकायचा नाही. सगळ्यात कडक शेवटचा मंगळवार. त्या दिवशी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत गावातल्यानं वेस ओलांडायची नाही आणि बाहेरच्यानं आत यायचं नाही.

आमच्या धंद्याला हे मंगळवार म्हणजे पर्वणी होती. एरवी पोरी रानात तण भांगलायला, नाहीतर वैरणीला गेलेल्या. वाराच्या दिवशी सगळ्या घरात, हात रिकामे. मी यात्रा ठरल्याचं कळताच शेवटचा सोडून सगळे मंगळवार धरून टाकले. देवस्थान कमिटीचे मुख्य गुंडू आप्पा मला म्हणाले, "देवीच्या वाराला तुमची शाळा व्हय आक्का?" मी म्हटलं, देवीनं सुट्टी दिलीय आप्पा, मी नाही. ते हसले आणि देवळामागचा हॉल उघडून दिला. म्हातारा सरळ होता, पण गावाची रीत म्हटली की लोखंडासारखा. भगवा पटका, पांढरं धोतर आणि बोलताना समोरच्याकडं न बघता देवळाच्या कळसाकडं बघण्याची सवय.

गटात रेणुका नावाची पोरगी होती. दहावीला गणितात नापास झालेली. बाकी सगळ्या विषयांत पास, अगदी कन्नडमध्येसुद्धा, आणि गणितात आडवी. तिचा बाप मारुती उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, आई लोकांच्या शेतावर. गावातला ओंकार पण गणितातच नापास. आमच्याकडं दहावीची परीक्षा आता वर्षात पुन्हा पुन्हा देता येते. दुसऱ्या खेपेचं वेळापत्रक लागलं आणि गणिताचा पेपर आला नेमका शेवटच्या मंगळवारी. केंद्र बेळगावात.

रेणुकासाठी त्या पेपरात काय होतं, ते नीट सांगायला हवं. यात्रेला सगळे पाहुणे येतात आणि पाहुणे आले की स्थळं येतात. खानापूरकडच्या एका घरानं आधीच निरोप धाडला होता. लग्न अठरा पुरी झाल्यावर, आत्ता नुसतं बोलून ठेवू, असं ते म्हणत होते. हे 'बोलून ठेवू' मी खूप ऐकलंय. एकदा बोलून ठेवलं की पोरीची शाळा, कॉलेज, सगळं त्या बोलण्याखाली दबतं. मारुतीनं बायकोला सांगितलं होतं की पोरगी पास झाली तर पुढं शिकवू, न्हायतर लोकांना काय म्हणून थांबवू? रेणुकाला आयटीआयला जायचं होतं. म्हणजे पेपर चुकला की तिच्याकडं थांबवायला शब्दच उरणार नव्हता.

गुंडू आप्पांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नापास झालेल्यांपायी देवीचा वार मोडायचा व्हय? वर्षभर काय करूलालते हे?"

मला यावर सोपा उपाय दिसत होता. सोमवारी दिवसाउजेडी दोघांनी गाव सोडायचं, ओंकारनं बेळगावातच वडगावला त्याच्या आत्याकडं राहायचं, रेणुकानं शहापुरात माझ्याकडं. मंगळवारी पेपर द्यायचा आणि दिवस मावळल्यावर गावात यायचं. वेस मोडली नाही, पेपर बुडला नाही. माझं डोकं चाललं म्हणून मी स्वतःवरच खूश होते. ओंकारच्या घरच्यांनी तर लगेच होकार भरला. रेणुका मात्र म्हणाली, "मी न्हाय यायची आक्का."

"का गं?"

"चोरी केल्यावानी का जायचं? तुमीच म्हणताय, पायजे ते मागायचं. मग मी मागते."

"अगं, मागायला पुष्कळ जागा आहेत. इथं पेपर महत्त्वाचा आहे का तुझा हट्ट?"

ती म्हणाली, "पुढल्या यात्रेला बी कोण तरी नापास झालेली असणारच की. तिची आक्का शहापुरात नसली तर तिनं कुठं राहायचं?"

मला तिचा राग आला होता आणि भीतीही वाटत होती, कारण कमिटीनं नाही म्हटलं तर मग सोमवारी गुपचूप निघून येण्याची वाटही बंद होणार होती. सगळं गाव तिच्यावर लक्ष ठेवणार. मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, माहीत हाय. ओंकार तिथंच बसला होता. त्याच्यासाठी वडगावची आत्या तयार होती, गादी घालून बसली होती म्हणा ना. तो म्हणाला, "मग मी बी जात न्हाय सोमवारी. एकटीच उभारली तर म्हणतील पोरगी आगाऊ हाय. दोघं असलो तर निदान निम्मं मला म्हणतील."

आमच्या धंद्यात अशा वेळी आपण गप्प बसायचं असतं. मी कशीबशी बसले.

पोरांनी पहिलं काम केलं ते असं. पुढच्या मंगळवारी वारामुळं सगळं गाव घरात होतं, तर गटातली सगळी पोरं दोघा-दोघांनी घरोघरी गेली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं की मागच्या यात्रांना शेवटचा मंगळवार कसा पाळला होता. भांडायला नाही, नुसतं विचारायला. म्हाताऱ्या बायका तर खूश झाल्या, त्यांना कोण विचारतं? एक म्हणाली, माझा धाकटा त्याच मंगळवारी झाला, गाडीतनं दवाखान्यात नेलतं मला. दुसरीनं सांगितलं की दूध कधीच थांबलेलं नाही. पहाटे म्हशी पिळल्या की घागरी सायकलीला लावून बेळगावला जायच्याच, गाई-म्हशींना कुठला वार? आणि संध्याकाळी रेणुका घरी भाकरी थापत होती तेव्हा तिच्या आईनं हळूच सांगितलं, की मागच्या यात्रेला तुझा बा बी गेलता शिफ्टला. उजाडायच्या आत. फौंड्रीत नवीन लागलता, खाडा केला असता तर काढून टाकलं असतं. त्याच्यासंगं आणखी कितीतरी गडी गेलते.

रेणुकानं मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "दुधाचं सांगीन, दवाखान्याचं सांगीन. बाचं कसं सांगू? चारचौघात त्याची मान खाली घालायची?" मी म्हटलं, हे तुझं तू ठरव. मला वाटत होतं, तिनं ते सांगू नये. वाटत होतं आणि त्याच वेळी हेही कळत होतं की त्या एका गोष्टीशिवाय तिची बाजू लंगडी आहे.

कमिटीची बैठक देवळासमोरच्या मंडपात झाली. मला बसू दिलं, बाईमाणूस आणि पाहुणी म्हणून कडेला. कडेला बायकांची दाटी होती, पण तिथून पुढं जाऊन आजवर कुठली बाई बोललेली नव्हती. रेणुका उठून पुढं गेली. ओंकार तिच्या मागं उभा राहिला. पोरीनं हात ओढणीत घट्ट धरून ठेवले होते.

ती म्हणाली, "आप्पा, आमाला वार मोडायचा न्हाय. परवानगी मागायला आलोय. मंगळवारी पेपर हाय. सकाळी जातो, पेपर झाला की सरळ येतो."

गुंडू आप्पा कळसाकडं बघत म्हणाले, "परवानगी द्यायला मी कोण गं? वार देवीचा हाय."

"दुधाला कुणी दिली आप्पा?"

मंडपात जरा चुळबूळ झाली. कुणीतरी म्हणालं, दूध पोटाची गोष्ट हाय. रेणुका म्हणाली, पेपर बी पोटाचीच गोष्ट हाय. मग एक पंच पुढं सरकून म्हणाला, "ए पोरी, उद्या रथाचं चाक अडलं, देवीचा कोप झाला, तर कोण जबाबदार? तू व्हय?"

इथं ओंकार मागून म्हणाला, "चाक दर यात्रेला अडतंय की ओ. मागल्या खेपेला सकाळपासून अडलंतं म्हणं. तवा कोण नापास झालतं?"

बायकांत हशा पिकला. पुरुषांतही काहीजण हसले. पण गुंडू आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "चेष्टा सोडा रं. दूध आपलं आपण जातंय, ते माणूस न्हवं. माणसानं वेस वलांडल्याली कवा आमी बगितली न्हाय."

आता वेळ आली होती. मला रेणुकाची पाठ दिसत होती आणि समोर पुरुषांच्या दुसऱ्या रांगेत बसलेला मारुतीही दिसत होता. रेणुकानं त्याच्याकडं बघितलं नाही. ती गुंडू आप्पांना म्हणाली, "मग मी एवढंच इचारते. मागल्या यात्रेला शेवटच्या मंगळवारी शिफ्टला कोण कोण गेलतं? मी कुणाचं नाव घेत न्हाय. गेल्यालं असंल त्यानं आपलं आपण सांगावं."

सगळ्या मंडपाला उत्तर माहीत होतं आणि सगळा मंडप गप्प होता. बायका एकमेकींकडं बघत होत्या. रेणुका उभीच. मला वाटलं, संपलं. आणि मारुतीनं हात वर केला. उठला नाही, नुसता बसल्या जागी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा.

"मी गेलतो आप्पा," तो म्हणाला. "उजाडायच्या आत गेलतो. कुणी बगू नये म्हणून."

मग त्याच्या शेजारच्यानं हात वर केला. मग मागून एकानं. एक जण तर म्हणाला, मी गेलतो आणि वेशीवर नारळ ठेवून गेलतो, मनात देवीला सांगून. गुंडू आप्पांनी पहिल्यांदा कळसावरची नजर खाली आणली आणि आपल्याच गावातले हात मोजल्यासारखे बघत राहिले. म्हाताऱ्याचं मला त्या क्षणी वाईट वाटलं. पण फार नाही.

शेवटी ते म्हणाले, "गडी जातंय ते नारळ ठेवून जातंय न्हवं? मग पोरांनी बी नारळ ठेवावा आन जावं. पायी जायचं, गाडी जुंपायची न्हाय. आन पेपर झाला की हितं यायचं, बेळगावात हिंडत बसायचं न्हाय." शेवटचं वाक्य त्यांनी आपली उरलीसुरली जरब सांभाळायला म्हटलं असावं. रेणुका म्हणाली, व्हय आप्पा.

त्या मंगळवारी मी बाहेरची, म्हणून वेशीच्या अलीकडं रस्त्याला चिंचेखाली उभी होते. मोठ्या रस्त्यापर्यंत त्यांच्यासोबत चालायचं आणि तिथून बस धरायची, असं ठरलं होतं. पोरं आली. ओंकार शर्ट खोचून, रेणुका दोन वेण्या घालून, हातात कंपासपेटी. आणि त्यांच्याबरोबर मारुती, हातात जेवणाचा डबा. तो पण शिफ्टला निघाला होता, चांगलं ऊन पडल्यावर, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. वेशीवर तिघांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि बाहेर आले. आतल्या बाजूला गटातली पोरं आणि बऱ्याच बाया उभ्या होत्या. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. रेणुकाची आई मात्र ओरडून म्हणाली, "गणितं सोडून देऊ नगंस, काय तरी लिव!"

आता इथं ही गोष्ट संपली असती तर संस्थेच्या अहवालात चौकटीत छापली असती. मला तसं करायला सांगितलंही होतं. मी निकाल लागेपर्यंत थांबा म्हटलं.

यात्रा झाली. रथ निघाला, गुलाल उधळला, मटणाच्या पंगती उठल्या. खानापूरचे पाहुणेही येऊन जेवून गेले, आणि मारुतीनं त्यांना सांगितलं की पोरीचा निकाल लागू दे, मग बोलू. मग निकाल लागला. ओंकार पास झाला. रेणुका पुन्हा नापास झाली.

गावाला काय बोलायचं ते बोलायला मोकळं रान मिळालं. देवीनं दाखवून दिलं, असं बायका नळावर म्हणत होत्या. त्यात मंडपात ओंकारच्या बोलण्याला हसून दाद दिलेल्या बायकाही होत्या. पण रेणुकाला कुणी तोंडावर काही म्हणत नव्हतं. म्हणत होते ते तिच्या आईला. भांगलायला गेली तर शेतात, पाण्याला गेली तर नळावर. पोरीला लई शेफारून ठेवलीस, पुढं करून ठेवलीस, आता बस घेऊन. आमच्याकडं पोरीच्या सगळ्या चुका आईच्या खात्यावर पडतात. ती बाई कामावरून आली की चुलीपुढं बसून रडायची आणि रेणुकाला काही सांगायची नाही. सांगितलं ते शेजारणीनं.

मला संस्थेतून फोन आला की या मुलीचं काय लिहायचं? मी म्हटलं, नापास झाली असं लिहा. तिकडून म्हणाले, मग यशोगाथेत बसत नाही. मी म्हटलं, मग तुमची गाथा लहान आहे, आणि फोन ठेवला. निवृत्तीला थोडे दिवस उरले होते, मला कुणाची भीती होती?

यात्रा पार पडल्यावर कमिटीची पुन्हा बैठक असते, रथ झाकून ठेवायचा, पुढची वार्षिक पूजा कुणाकडं, असलं ठरवायला. गटाचा निरोप घ्यायला म्हणून मी गावात गेले होते, तर पोरींनी मला सांगितलं, रेणुका मंडपात गेलीय. मी धावतच गेले. मला वाटलं, रडतेय की काय.

ती रडत नव्हती. ज्या जागी आधी उभी राहिली होती तिथंच उभी होती. या वेळी मागं ओंकार नव्हता, तो कॉलेजच्या प्रवेशासाठी बेळगावला गेला होता. तिचे हातही या वेळी ओढणीत नव्हते.

"आप्पा, सगळी हायसा म्हणून आले," ती म्हणाली. "मी गणितात परत नापास झाले. आता तिसऱ्यांदा बसणार हाय. कुणाला काय म्हणायचं असंल, काय इचारायचं असंल, ते मला म्हणा. हितं, तोंडावर. माझ्या आईला शेतात न्हायतर नळावर कुणी काय म्हणायचं न्हाय. पेपर तिनं लिवला न्हाय, मी लिवलाय."

बायकांच्या बाजूला एकदोघींनी पदर तोंडाला लावला. मारुती मागं खांबाला टेकून उभा होता, त्यानं ना तिला थांबवलं ना तो पुढं आला. खानापूरकरांनाही त्यानं अजून काही कळवलं नव्हतं.

गुंडू आप्पा बराच वेळ तिच्याकडं बघत होते. कळसाकडं नाही, तिच्याकडं. मग त्यांनी विचारलं, "परत पेपर कवा हाय गं?"

"तारीख लागायची हाय आप्पा."

"वार कुठला येतोय ते बगून घे म्हणजे झालं."

"कुठला बी येऊ दे आप्पा," रेणुका म्हणाली. "मी जाणार."

आणि तारीख लागली तेव्हा गेली.